विश्वाचं गुरुत्वाकर्षण गणितात बसवता येतं का?

उगाच_विचारतोय:
दोन वस्तू असल्या की न्यूटनचं सूत्र सरळ चालतं पण तिसरी आली की नेमकं सूत्रच मिळत नाही म्हणे, मग इथे तर ग्रह तारे दीर्घिका सगळेच एकमेकांना ओढतायत, तरी विश्वाचं मॉडेल केलं म्हणतात ते नक्की करतात काय? की नुसत्याच थापा?

रात्रपाळी:
थापा कसल्या. सूत्र नाही म्हणून उत्तर नाही असं थोडंच आहे? आत्ताची जागा आणि वेग घ्यायचा, ओढ काढायची, जरा पुढे सरकवायचं, परत ओढ काढायची. कॉम्प्युटर नव्हते तेव्हाही केलंय लोकांनी. हॅलेचा धूमकेतू परत यायचा होता तेव्हा क्लेरो, लालांद आणि लपोत बाई हे फ्रेंच गणिती-खगोलवाले महिनोन्‌महिने हाताने आकडेमोड करत बसले, गुरूमुळे ५१८ दिवस आणि शनीमुळे १०० दिवस उशीर होईल असं काढलं आणि एप्रिल १७५९ चा मध्य सांगितला, तो १३ मार्चलाच सूर्याजवळून गेला. युरेनस, नेपच्यून तेव्हा माहीतही नव्हते, तरी चूक महिनाभराचीच! (क्लेरोने पुढे पुस्तकात बाईंचं नावच गाळलं, ते वेगळंच.)

कुंपणावरचा:
पण किती पुढचं सांगणार यालाही मर्यादा आहे ना. २००९ मध्ये लास्कर आणि गास्तिनो या फ्रेंच संशोधकांनी कॉम्प्युटरवर सूर्यमाला ५०० कोटी वर्षं पुढे पळवून बघितली, तीही २५०१ वेळा, बुधाच्या कक्षेत दर खेपेला मिलिमीटरहून कमी फरक करून. साधारण १ टक्का वेळा बुधाची कक्षा पार लांबट झाली, एवढी की टक्कर होऊ शकेल. समीकरण तेच बरं का.

दुर्बीणवाला:
अख्खं विश्व घेतलं की एकेक तारा कोणी मोजत नाही. फ्रीडमन या रशियन गणितज्ञाने १९२२ मध्ये पदार्थ सगळीकडे सारखा पसरलाय असं धरून आइन्स्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं सोडवली, प्रसरण त्यातूनच निघतं. दीर्घिकांचं जाळं कसं झालं ते बघायला २००५ चं मिलेनियम सिम्युलेशन (कॉम्प्युटरवर चालवलेलं विश्वाचं मॉडेल) शोधा, १००० कोटींवर कण, एकेक कण जवळपास १०० कोटी सूर्यांच्या वजनाचा, त्यात आपला सूर्य कुठून दिसणार!

उगाच_विचारतोय:
एवढ्या कणांच्या सगळ्या जोड्या धरल्या तर मशीन मरेल की हो.

दुर्बीणवाला:
सगळ्या धरतच नाहीत. जवळच्यांचा हिशेब नीट, लांबच्यांचा गठ्ठा करून एकच ओढ. घरी करायचं तर पायथनमध्ये सूर्य, गुरू आणि एखादा धूमकेतू घ्या, फक्त साधी ऑयलर पद्धत (जुनाच वेग आणि जुनीच ओढ धरून पुढे सरकवायचं) नको, ऊर्जा वाढत जाते आणि कक्षा फुगत सुटते. लीपफ्रॉग पद्धत वापरा, तिच्यात जागा आणि वेग अर्ध्या पावलाच्या अंतराने आळीपाळीने पुढे सरकवतात.