राउटरवर प्रोग्राम मावत नाही, बायनरी (प्रोग्रामची तयार फाइल) लहान कशी करू? (मदत हवी आहे)

कुळागरी_फोंडा:
कुळागरातल्या टाकीची पातळी मोबाइलवर कळवणारा प्रोग्राम लिहिलाय. ९ एमबीचा होतोय, राउटरवर जेमतेम ३ मोकळी. रिलीज बिल्डच (वापरासाठीची अंतिम फाइल) केलाय, तेव्हा तो सल्ला नको. चवथीआधी बसवायचाय, लवकर सांगा.

म्हापशेकर:
भाषा कोणती? राउटर कोणता?

अण्णा_डिचोली:
यूपीएक्स (प्रोग्रामची फाइल दाबून लहान करणारं साधन) मारा, निम्म्याखाली येतो. मी सगळीकडे तेच करतो.

कुळागरी_फोंडा:
रस्ट भाषा, अजून काय. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली), फ्लॅश म्हणजे साठवणीची जागा १६ एमबी.

म्हापशेकर:
"अजून काय" म्हणे! रस्टचं बिल्ड करणाऱ्या कार्गोच्या फाइलीत रिलीज प्रोफाइलखाली काही लिहिलंयस का? नसेल तर ऑप्ट-लेव्हल (कंपायलरने कोड कसा सुधारायचा ते) ३ लागते, ती वेगासाठी. "झेड" कर, ती लहान आकारासाठी. एलटीओ (सगळा कोड जोडताना एकत्र छाटणं) ट्रू, कोडजेन-युनिट्स १ (नाहीतर कंपाइल करताना कोडाचे १६ तुकडे होतात), स्ट्रिप (फाइलीतली जादा माहिती काढणं) ट्रू. रस्ट १.७७ पासून डिबगची माहिती आपोआप जाते, पण सिम्बॉल (फंक्शनांची नावं) तसेच राहतात. आणि पॅनिक (चालताना येणारी घातक चूक) "अबॉर्ट", म्हणजे प्रोग्राम तिथेच बंद.

सत्तरीचो:
अबॉर्ट डोळे मिटून टाकू नकोस. कोडात कुठे पॅनिक झेलणारं कॅच-अनवाइंड असेल तर ते निकामी होतं, एक पॅनिक आला की अख्खा प्रोग्राम आडवा. पावसात लाइट येते-जाते, सेन्सर काहीबाही पाठवतो, मग मध्यरात्री बॅटरी घेऊन टाकीवर तूच जाणार. प्रॉकडीला (ओपनडब्ल्यूआरटीत प्रोग्राम सांभाळणारा) रीस्पॉन, म्हणजे पडला की पुन्हा सुरू करायला, सांगून ठेव.

अण्णा_डिचोली:
एवढा खटाटोप कशाला? यूपीएक्स.

म्हापशेकर:
अण्णा, तिथली जेएफएफएस२ फाइल-सिस्टिम स्वतःच फाइल दाबून ठेवते. दाबलेलं पुन्हा दाबून काय हाती लागणार? वर चालवताना सगळं रॅममध्ये उलगडतं, आणि राउटरला रॅम असते किती!

अण्णा_डिचोली:
माझ्याकडे चालतं, एवढंच सांगतो.

निवृत्त_पणजी:
आमच्या वेळी फ्लॉपीच १.४४ एमबीची होती. रास्पबेरी पाय घ्या आणि सुटा.

सत्तरीचो:
काका, राउटर आधीच बसलाय तिथे. @कुळागरी, क्रेट (तयार लायब्ररी) कुठले वापरलेस?

कुळागरी_फोंडा:
नेटवर पाठवायला रेक्वेस्ट, मजकुरातला साचा शोधायला रेजेक्स. नेहमीचेच.

सत्तरीचो:
एक आकडा पाठवायला रेक्वेस्ट? त्याच कामाचा लहान यूरेक पुरे. रेजेक्सचे डिफॉल्ट फीचर्स बंद करून फक्त एसटीडी ठेव, युनिकोडचे तक्ते भरपूर जागा खातात. सेन्सरची ओळ ठरावीक साच्याची असेल तर रेजेक्स हवाच कशाला, स्प्लिट कर. कार्गो-ब्लोट चालव, कोण किती खातंय ते दिसेल.

कुळागरी_फोंडा:
नुसत्या सेटिंगने ३.४ वर आलं. यूरेक घेतला, रेजेक्स उडवला, आता १.९. "झेड"पेक्षा "एस"ने जरा लहान झालं, हे काय गौडबंगाल? अबॉर्ट ठेवलाय, रीस्पॉनही. बिल्डला मात्र युगं लागतात.

म्हापशेकर:
होतं तसं कधीकधी, दोन्ही करून मोजायचं. वेळ एलटीओ खातो. रोजच्या कामाला डेव्ह प्रोफाइल (झटपट बिल्डचं) वापर.

अण्णा_डिचोली:
आता या १.९ वर यूपीएक्स मारून बघा की.

निवृत्त_पणजी:
टाकी किती लिटरची? आणि पाणी झरीचं की बोअरचं?