वारा सुटलेल्या शनिवार-रविवारची साफसफाई : सातारा-सांगलीकर, अनुभव लिहा

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, कोरडा वारा आणि कारखान्यांचा गाळप हंगाम, तिन्ही एकदम येतात. सुट्टीच्या दोन दिवसांत अंगण, गच्ची, खिडक्या, धुणं कसं उरकता? कशाने काम बिघडतं, तेही लिहा.

शाहूपुरी, सातारा :
वेळ साधली की अर्धं काम झालं. पहाटे वारा पडलेला असतो, जमीन तापली की उठतो. म्हणून खराटा सकाळी आठच्या आत, घरातली कामं नंतर. आधी सडा टाका, पण तांब्याने ओतू नका, हाताने शिंपडा. माती नुसती दबायला हवी. चिखल झाला की पानं जमिनीला चिकटतात आणि खराट्याला येत नाहीत. वारा पाठीवर घेऊन झाडत जा, ढीग भिंतीच्या आडोशाला लावा आणि लगेच गोणीत भरा. पाला पेटवू नका, कळकळीने सांगते. या वाऱ्यात ठिणगी शेजारच्या कडब्याच्या गंजीपर्यंत जाते. खड्ड्यात वीतभर पाला, वर शेणकाला, पुन्हा पाला, असे थर द्या आणि ओल टिकवा. पाल्याचं सोनं होतं.

विश्रामबाग, सांगली :
ताई, अंगणापुरतं पटलं. गच्चीवर उसाच्या पाचटाची काजळी पडली असेल तर मात्र आधी पाणी अजिबात नको. ती काळी कात्रणं बोटभर लांब असतात आणि हात लागला की चुरा होतो. ओलं फडकं फिरवलं की फरशीवर काळे फराटे उठतात, खडबडीत कोब्यावर तर ते निघतच नाहीत. वारा उठायच्या आत मऊ केरसुणीने, न दाबता, थोडं थोडं सुपलीत घ्या. पाणी त्यानंतर. दोरीवरच्या कपड्यांवर पडली तर कपडा पूर्ण वाळू द्या, मग झटका. चोळली की धाग्यात बसते. डाग पडलाच तर कोरड्यावरच भांड्यांचा लिक्विड साबण लावा, पाव तास ठेवा, मग धुवा.

कराड :
काचेची गोष्ट आणखी वेगळी. उसाच्या राखेत सिलिका असते, म्हणजे बारीक वाळूच. गाडीची काच किंवा सोलर पॅनेल कोरड्या फडक्याने पुसलं तर चरे पडतात. आधी पाइपने भरपूर पाणी सोडून राख वाहू द्या, मग मऊ स्पंज. हे ऊन चढायच्या आत करा. सोलर हीटरच्या तापलेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं की नळी तडकू शकते. बोअरचं जड पाणी असेल तर शेवटी वायपर मारा, नाहीतर क्षारांचे पांढरे ठिपके बसतात.

मिरज :
घरात झाडताना वाऱ्याच्या बाजूच्या खिडक्या बंद, उलट बाजूची एक उघडी. तिकडून धूळ बाहेर ओढली जाते. पंख्याच्या पात्यावर जुना उशीचा अभ्रा चढवून मागे ओढा, धूळ आतच राहते.

स्लायडिंग खिडकीच्या पट्टीत लोक आधी पाणी ओततात, तिथेच घोळ होतो. धुळीचा गारा होऊन बाहेरच्या अंगाची बारीक भोकं बुजतात. वळवाचा पाऊस आला की पट्टी भरते आणि पाणी भिंतीवरून घरात उतरतं. एक इंची रंगाच्या ब्रशने कोपऱ्यातली धूळ मध्याकडे आणा, पोह्याच्या चमच्याने उचला, भोकात काडी घाला. मग वाटीभर पाणी ओतून बघा. बाहेर धार लागली पाहिजे.

कोरेगाव :
धुण्याची दोरी वाऱ्याच्या दिशेनेच बांधा. आडवी असली की चादर शिडासारखी फुगते आणि चिमटे उडतात. चादरीचा एक तृतीयांश भाग पलीकडे टाकून दर हातभर अंतरावर चिमटा लावा. गोधडी दोन शेजारच्या दोऱ्यांवर टाका, मधून हवा खेळते. उघडी लोखंडी तार नको, गंजाचा डाग जात नाही. दुपारची धूळ उठायच्या आत कपडे काढा.

विश्रामबाग, सांगली :
गच्चीवरच्या टाकीचं कुणी लिहील का?

तासगाव :
लिहितो. तळाचा गाळ वाहून गेल्यावर टाकी भरा. 1000 लिटरला 2.5 ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर पुरते. बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरची निवळ तेवढी टाकीत ओता आणि तासभर नळ सोडू नका. पुडी आडोशाला आणि वाऱ्याकडे पाठ करून फोडा, डोळ्यांत गेली तर फार झोंबते. त्याच बादलीत ॲसिड कधीच नको, विषारी वायू होतो.

झाकण काढलं की आधी त्यावर वीट ठेवा, नाहीतर ते शेजारच्या पत्र्यावर जातं. बसवल्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वरून ताणून दोन्ही बाजूंच्या पाइपांना बांधा. ट्यूब उन्हाने चिरते, दर उन्हाळ्यात बदला.