तिसऱ्या घराचा कर: परळच्या बंद घराबद्दल मदत हवी आहे

परळकरीण

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितेय, पण जाणकारांनी कृपया शेवटपर्यंत वाचून मार्गदर्शन करावं.

माझी आई गेल्या वर्षी फेब्रुवारीत गेली. मी एकुलती एक, बाबा आधीच गेलेले. मृत्युपत्राप्रमाणे परळचं घर आणि राजापूर तालुक्यातलं गावचं घर, दोन्ही माझ्याकडे आलं. आम्ही राहतो ते भांडुपचं घरही माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्याचं कर्ज 2023 मध्ये फिटलं. म्हणजे कागदोपत्री मी तीन घरांची मालकीण झाले. बँकेत 24 वर्षं नोकरी केली, लोकांची कर्जप्रकरणं पाहिली, पण स्वतःच्या रिटर्नमध्ये हा प्रश्न पहिल्यांदाच आला आहे.

परळचं घर म्हणजे आमची चाळच. ती पाडून टॉवर झाला, त्यात बाराव्या मजल्यावर 405 फुटांचा ब्लॉक मिळाला. आई तिथे जेमतेम सहा वर्षं राहिली. ती गेल्यापासून घर बंद आहे. महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडते, देवाजवळ दिवा लावते, नळ सोडून ठेवते आणि परत येते. लाइटचं बिल येतं त्यावर वापरलेल्या युनिटच्या जागी शून्य असतं. सोसायटीचा मेंटेनन्स महिना 4,200 रुपये, तो न चुकता भरते. मार्चमध्ये शेअर सर्टिफिकेटवर माझं नाव चढलं.

आमच्या ओळखीचे एक करसल्लागार म्हणाले, "तिसरं घर बंद असलं तरी भाड्याने दिलंय असं धरून कर लागतो. परळचं भाडं 35,000 धरा." माझं करपात्र उत्पन्न साडेसोळा लाख आहे, नवीन करप्रणाली घेतलेली आहे. जे भाडं मला मिळालंच नाही त्याच्यावर कर कसा, हा माझा पहिला प्रश्न. आणि गावचं घर यात मोजतात का? तिथे आम्ही फक्त गणपतीत आणि मे महिन्यात जातो.

दुसरा प्रश्न हिशेबाचा नाही. घरात यावरून रोज वाद चाललाय. मुलगा 22 वर्षांचा आहे. तो म्हणतो की एकाहून जास्त घरं असणाऱ्यांनी जास्तीचा कर भरायलाच हवा, आणि आई, त्यात आता तूही आलीस. मी चिडले. आम्ही काही गुंतवणूक म्हणून घरं घेतली नाहीत. ते माझ्या आजोबांच्या गिरणीतल्या नोकरीतून आलेलं बिऱ्हाड आहे. पण रात्री झोप लागली नाही. परळच्या खिडकीतून खाली बघितलं की फुटपाथवर गावाहून आलेले पेशंटचे नातेवाईक दिसतात. स्टोव्हवर भात शिजवत असतात, एक्स-रेची मोठी पाकिटं भिंतीला टेकवून ठेवलेली असतात. आणि वर माझं घर रिकामं.

आईला शेवटची दोन वर्षं सांभाळायला ज्या मावशी यायच्या, त्या नालासोपाऱ्याहून येत. पहाटे साडेचारला घर सोडायच्या. आता त्या परळमध्येच दुसऱ्या एका आजींकडे जातात, आणि त्यांची मुलगी तिथेच नर्सिंग शिकते आहे. तेराव्याला त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात परत दिली. तोंडाने काही मागितलं नाही. पण किल्ली देण्याआधी पदराने पुसली, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्यांना घर द्यावं असं मनात येतं. भाडेकरू उठला नाही तर काय, या भीतीने मागे सरते. चाळीत वाढलेल्या माणसाच्या हाडात ही भीती असते. तर कर, भाडं आणि हे "जास्त घर जास्त कर" प्रकरण, तिन्हीबद्दल कृपया सांगा. आगाऊ धन्यवाद.

नाना_गोरेगाव

ताई, गावचं घर मोजत नाहीत. ते वडिलोपार्जित. निश्चिंत राहा.

आणि सरसकट जास्तीचा कर म्हणणाऱ्यांना माझं एक सांगणं आहे. मी खासगी कंपनीतून निवृत्त झालो. ईपीएसचं पेन्शन तीन हजारांच्या आत आहे. आयुष्यभर पोटाला चिमटा घेऊन मालाडला एक छोटी खोली घेतली, तिच्या भाड्यावर आमचं दोघांचं औषधपाणी चालतं. मला दोन घरांचा मालक म्हणून धनदांडग्यांच्या रांगेत उभं करणार का? त्या खोलीत एक कुटुंब राहतं, त्यांची मुलं शाळेत जातात. घर वापरात आहे. उद्या माझ्यावर कर वाढवलात तर मी कुठून देणार, भाड्यातूनच ना? मग तो त्या कुटुंबानेच भरल्यासारखा होईल.

हिशेबनीस

मी सीए आहे, मुलुंडला प्रॅक्टिस करतो. नाना, माफ करा, पण गावचं घर मोजतात. घर वडिलोपार्जित असलं तरी नाव लागलं की मालकी आली. घर शेतजमिनीला लागून असेल आणि तुम्ही स्वतः शेती कसत असाल तर नियम वेगळा आहे, पण ताईंच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही. उलट पागडीची खोली मोजत नाहीत, कारण तिथे आपण मालक नसून भाडेकरू असतो. परळची चाळ पाडली गेली नसती तर ताईंची दोनच घरं झाली असती.

आता महत्त्वाचं. 2019 च्या अर्थसंकल्पापासून दोन घरं स्वतःच्या वापरासाठी म्हणून शून्य उत्पन्नाची धरता येतात. त्याआधी एकच धरता यायचं. तिसऱ्याचं अपेक्षित भाडं उत्पन्नात येतं, ते घर बंद असलं तरी. पण कोणती दोन घरं स्वतःची धरायची हे मालकाने ठरवायचं असतं, आणि इथे तुमच्या सल्लागारांची गफलत झाली आहे. भांडुप आणि परळ स्वतःच्या वापराची म्हणून दाखवा, तिसरं म्हणून राजापूरचं घर ठेवा.

तिथे भाडं मिळालंच तर किती मिळेल? समजा महिना 1,500. वर्षाचे 18,000. त्यातून 30 टक्के प्रमाणित वजावट गेली की उरले 12,600. तुमचा टप्पा 20 टक्क्यांचा, म्हणजे कर 2,520, वर 4 टक्के उपकर. सगळे मिळून 2,621 रुपये. ग्रामपंचायतीची घरपट्टी भरली असेल तर ती आधी वजा होते, म्हणजे याहूनही थोडा कमी.

परळकरीण

हिशेबनीस, खरंच मनापासून आभार. दोन आठवडे मी साठ हजारांच्या धास्तीत होते.

पण मग एक विचारते. परळचं घर मी अशीच दहा वर्षं बंद ठेवलं तर?

हिशेबनीस

तर परळच्या घरावर आयकर शून्य. पालिकेचा मालमत्ता करही शून्य, कारण 500 फुटांपर्यंतच्या निवासी घरांना मुंबईत 2022 पासून पूर्ण माफी आहे. तिथे घराचं क्षेत्रफळ बघतात, मालकाकडे अशी किती घरं आहेत ते बघत नाहीत. 480 फुटांचे चार ब्लॉक असलेल्याला चारही माफ, आणि 520 फुटांच्या एकुलत्या एका घरात सहा माणसं राहत असली तरी त्यांना बिल येतं.

दोन जिने

हे वाचून राहवत नाही म्हणून लिहिते. मी शिक्षिका आहे, नवरा रिक्षा चालवतो. ठाण्याजवळच्या दिवा गावात भाड्याने राहतो. दर 11 महिन्यांनी एजंटचा फोन येतो तेव्हा पोटात गोळा येतो, कारण मुलीची शाळा बदलावी लागेल का हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहतो. म्हाडाचा अर्ज सहा वेळा भरला. त्या अर्जात मला लिहून द्यावं लागतं की माझ्या किंवा नवऱ्याच्या नावावर इथे घर नाही. गरिबाला एक घर देताना सरकार आधी मोजून घेतं. ज्याच्याकडे पाच आहेत त्याचं मोजमाप कुणी करायचं?

2017-18 च्या आर्थिक पाहणीत 2011 च्या जनगणनेचा हवाला देऊन म्हटलं होतं की मुंबईत 4.8 लाख घरं रिकामी आहेत, देशातल्या कुठल्याही शहरापेक्षा जास्त. त्याच जनगणनेत मुंबईतली 40 टक्क्यांवर माणसं झोपडपट्टीत राहत होती. दोन्ही आकडे एकाच शहराचे आहेत. ताई, तुमच्या मुलाचं मला पटतं. नानांचंही पटतं. नानांनी खोली दिली आहे, कोंडून ठेवलेली नाही.

खारा वारा

"दोन जिने" यांच्या शेवटच्या वाक्यात सगळं आलं. घरं किती आहेत यापेक्षा त्यांतली बंद किती हे मोजायला हवं, आणि हे काही नवीन नाही. आपल्याकडे 1957 पासून संपत्ती कर होता. शेवटच्या काळात 30 लाखांवरच्या संपत्तीला 1 टक्का. त्यातून एक घर माफ होतं. शिवाय वर्षातले निदान 300 दिवस भाड्याने दिलेलं निवासी घर संपत्तीत धरतच नसत. म्हणजे नानांची खोली सुटली असती आणि बंद ब्लॉकवाला सापडला असता. वसुली कमी आणि खटपट जास्त म्हणून 2015 च्या अर्थसंकल्पात तो कर काढला. त्याबरोबर हा 300 दिवसांचा फरकही गेला. वसुली धड होत नव्हती हे मान्य, पण तेवढी कलमं जपायला हवी होती.

बाहेर दोन्ही तऱ्हा आहेत. सिंगापूरमध्ये 2023 पासून तिथल्याच नागरिकाला दुसरं घर घेताना 20 टक्के आणि तिसऱ्याला 30 टक्के जादा मुद्रांक शुल्क पडतं. ब्रिटनमध्येही इंग्लंडात दुसऱ्या घरावर 5 टक्के अधिभार आहे. हे संख्येवरचे कर. व्हँकुव्हर शहराने मात्र 2017 पासून रिकाम्या घरावर कर लावला, आधी मूल्याच्या 1 टक्का, मग 3 टक्के. घरात कुणी राहत असेल किंवा ते भाड्याने दिलेलं असेल तर तो लागत नाही. मुंबईला दुसरी तऱ्हा लागू पडेल असं मला वाटतं. विजेचा मीटर सगळं सांगतो, वेगळा इन्स्पेक्टर नको. ताईंच्या बिलावरचं ते शून्य पुरेसं आहे.

परळकरीण

मीटरचं वाचून अंगावर काटा आला. तेच बिल आत्ता फ्रिजवर लावलेलं आहे.

हिशेबनीस, शेवटची मदत. मावशींना घर दिलं तर? त्या 12,000 पर्यंत देऊ शकतील, जास्त नाही. आणि त्या उठल्या नाहीत तर?

हिशेबनीस

उठण्याचं आधी. ही चाळीची जुनी भाडेकरूगिरी नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 खाली लीव्ह अँड लायसन्सचा करार करायचा, आणि तो नोंदणीकृतच हवा. ऑनलाइन होतो, आधार आणि अंगठा लागतो. मुद्रांक साधारण एकूण भाड्याच्या 0.25 टक्के, नोंदणी 1,000 रुपये. मुदत संपल्यावर घर सोडलं नाही तर दिवाणी कोर्टात न जाता सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि राहतील तितके दिवस दुप्पट दराने भरपाई मागता येते. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जादा, म्हणजे बिनभोगवटा शुल्क लावेल, ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. 2001 पासूनचा शासनाचा आदेश आहे, जास्त मागितलं तर दाखवा.

आता कराचं, आणि हे सांगताना मला बरं वाटत नाही. परळ भाड्याने दिलंत की राजापूर आणि भांडुप ही तुमची दोन घरं होतात, राजापूरचे 2,621 वाचतात. पण परळला प्रत्यक्ष भाडं आणि रास्त अपेक्षित भाडं यांत जे जास्त ते धरतात. शेजारचे तसेच ब्लॉक 35,000 ला जात असतील तर वर्षाचे 4,20,000. 30 टक्के वजा जाता 2,94,000. त्यावर उपकरासह कर 61,152. तुमच्या हातात येणार 1,44,000.

म्हणजे कुलूप लावून ठेवलंत तर परळवर कर शून्य. मावशींना परवडेल अशा भाड्यात दिलंत तर 61,152.

दोन जिने

हे बरोबर नाही. हे कुणीतरी बदलायला हवं.

परळकरीण

हिशेबनीसांचं उत्तर काल रात्री मुलाला मोठ्याने वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही, वहीत आकडे मांडत बसला. 1,44,000 वजा 61,152, उरले 82,848. त्यातून मेंटेनन्सचे 50,400 गेले तरी 32,448 राहतात, सोसायटीचं जादा शुल्क त्यातून जाईल. बंद घराला मी आज वर्षाला 50,400 खिशातून घालते आहे.

माझं मत आता पक्कं झालंय आणि ते इथे लिहून ठेवते. घर बंद ठेवलं तर मला कर लावा. 3 टक्के नको, पण टोचेल एवढा लावा. मी वर्षभर कुलूप ठेवलं कारण ठेवणं फुकट होतं. सोसायटीचं बिल भरलं की माझी जबाबदारी संपते असं मी धरून चालले. आणि नानांसारखं जो घर देतो, त्याला मिळालेल्या भाड्यावरच कर लागावा, शेजारच्या भाड्यावर नको. आमच्या मजल्यावर सहा ब्लॉक आहेत. काल मोजले, दोन बंद, त्यांतला एक माझा.

मावशींना सकाळी फोन केला. पहिल्यांदा त्यांना वाटलं मी आईच्या वर्षश्राद्धाचं राहिलेलं काही सांगतेय. मग बराच वेळ बोलल्याच नाहीत. नंतर एवढंच विचारलं, "ताई, आजींचा पलंग ठेवणार ना? मुलीला अभ्यासाला होईल."

रविवारी घर आवरायला जातेय. आईचं भिंतीवरचं घड्याळ आणि देव भांडुपला आणेन, पलंग आणि तांब्याचा हंडा तिथेच राहील. आता एकच अडलंय. लाइटचा मीटर अजून आईच्या नावावर आहे. करार करण्याआधी तो माझ्या नावावर व्हायलाच हवा का?

हिशेबनीस

करारासाठी अडणार नाही, शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर आहे ते पुरेसं आहे. पण नावबदलाचा अर्ज आत्ताच टाकून द्या. सोबत मृत्यूचा दाखला आणि सोसायटीचं पत्र जोडा. आणि भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरायला विसरू नका, करार झाल्याबरोबर भरून टाका.