मिक्सर अमेरिकेला न्यावा का?

प्रश्न :
लेकीच्या बाळंतपणासाठी पुढच्या महिन्यात आम्ही दोघे न्यू जर्सीला जात आहोत. डिंकाच्या लाडवांसाठी खारकेची पूड करायची, तर हाताला सवयीचा असलेला माझा 750 वॅटचा मिक्सर सोबत न्यावा असे मनात आहे. दुकानदाराने दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर देऊन ‘हा लावला की सगळे चालते’ असे सांगितले. यजमानांना रोज रात्री झोपताना सीपॅप यंत्र (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारे) लागते. या अडॅप्टरवर दोन्ही चालतील का?

पहिले उत्तर :
ताई, अडॅप्टर केवळ पिनांचा आकार जुळवतो. व्होल्टेज आहे तेच राहते. आपल्याकडे 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ वीज असते, तर अमेरिकेत साध्या सॉकेटला 120 व्होल्ट, 60 हर्ट्‌झ. त्यामुळे तुमचा मिक्सर तेथे फिरेल, पण रडतखडत. आणि खारकेसारखा कडक जिन्नस घातला की पाते अडकून मोटर तापत राहील. याहून मोठा धोका परतताना असतो : तेथील केवळ 120 व्होल्टचे उपकरण आणून आपल्या सॉकेटला लावले, तर ते क्षणात जळू शकते.

सीपॅपची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या वायरीवरील काळ्या चौकोनी ठोकळ्यावर ‘इनपुट’ या शब्दापुढे 100-240 व्होल्ट, 50/60 हर्ट्‌झ असे छापलेले असेल, तर अडॅप्टर पुरेसा आहे. ते यंत्र मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा, कारण सामान चुकले तर ती रात्र त्यांच्यासाठी कठीण जाईल.

दुसरे उत्तर :
मी 1500 वॅटची किटली नेली होती. लिटरभर पाण्याला घरी चारेक मिनिटे लागत. तेथे पाव तास उलटला तरी पाणी नुसते कुजबुजत होते. व्होल्टेज जवळपास निम्मे झाले की तापवणाऱ्या तारेची शक्ती चौथाईवर येते, म्हणजे माझी किटली जेमतेम 400 वॅटची उरली होती.

व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, परंतु सुरू होताना मोटर जास्त वीज ओढत असल्याने तो मिक्सरच्या दुप्पट, म्हणजे किमान 1500 वॅटचा घ्यावा लागेल, आणि एवढा ट्रान्सफॉर्मर चांगलाच जड असतो. माझे स्पष्ट मत आहे की तो खटाटोप करू नये. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावच्या ओक ट्री रोडवर भारतीय दुकानांची रांगच आहे. आपल्या पद्धतीची चटणीची आणि वाटणाची भांडी असलेला, तेथल्या 120 व्होल्टवर चालणारा मिक्सर तेथे पाहावा.

प्रश्नकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. भिंग घेऊन बसले. सीपॅपच्या ठोकळ्यावर 100-240 स्पष्ट आहे. मिक्सर उलटा केला, बुडाशी वाळलेली चटणी नखाने खरवडली, तेव्हा खाली केवळ ‘230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झ’ दिसले. लेकीला आजच फोन करून तेथला मिक्सर आणून ठेवायला सांगते.