जुनं डोमेन घेताना: पैसे आधी की ट्रान्सफर आधी?

कोरीपाटी: एक डॉट कॉम नाव घ्यायचं चाललंय. नोंदणी २००९ ची दिसते. विक्रेता म्हणतो, अर्धे पैसे आधी पाठवा, मग नाव तुमच्या नावावर करतो आणि ऑथ कोड (डोमेन दुसरीकडे न्यायला लागणारा गुप्त कोड) देतो. कोड हातात आला की डोमेन माझं, असं धरायचं का? आणि जुनं डोमेन गुगलमध्ये वर येतं, हे कितपत खरं?

पारखी: कोड म्हणजे ताबा नव्हे. डोमेनला लॉक असेल तर कोड बरोबर असूनही ट्रान्सफरची, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीकडे) नेण्याची, विनंती फेटाळली जाते, आणि विक्रेता कोड कधीही बदलू शकतो. विनंती गेल्यावरही सध्याच्या रजिस्ट्रारकडे ५ दिवस असतात. तेवढ्यात विक्रेत्याने हरकत घेतली की ट्रान्सफर अडली. त्यामुळे अर्धे-बिर्धे काही नाही, पूर्ण रक्कम एस्क्रोत, म्हणजे सौदा पुरा होईपर्यंत पैसे धरून ठेवणाऱ्या मध्यस्थाकडे. एस्क्रोच्या साइटचा पत्ता मात्र स्वतः टाइप करा. विक्रेत्याने पाठवलेल्या लिंकवर जाऊ नका, हुबेहूब खोट्या साइट असतात.

'आधी नावावर करतो' हे ऐकायला गोड, पण तिथेच गोची आहे. मालकाचं नाव किंवा ईमेल बदललं की रजिस्ट्रार ६० दिवसांचं ट्रान्सफर लॉक लावू शकतो. काही जण बदलाआधी ते नाकारायचा पर्याय देतात. एकदा लागलं की वाट बघणं आलं. म्हणून आधी ट्रान्सफर, मग नाव.

त्याही आधी आयकॅनच्या (डोमेन नावांचे नियम ठरवणारी संस्था) लुकअपवर डोमेनचं स्टेटस बघा. 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड' हे नेहमीचं लॉक, विक्रेत्याला काढता येतं. 'सर्व्हर ट्रान्सफर प्रोहिबिटेड' असेल तर ते रजिस्ट्रीने, म्हणजे सगळ्या डॉट कॉम नावांची मुख्य नोंद ठेवणाऱ्या संस्थेने, लावलंय. कारण कळेपर्यंत पुढे जाऊ नका. 'रिडेम्प्शन पीरियड' दिसलं तर नाव मुदत संपून गेलंय. ते सोडवून आणल्याशिवाय त्याला देताच येणार नाही.

जुनाबाजार: वयाचं म्हणाल तर नुसत्या तारखेला गुगल भाव देत नाही. फायदा असलाच तर जुन्या, खऱ्या लिंकांचा. उलट मार्च २०२४ पासून, मुदत संपलेली नावं घेऊन त्यांच्या पुण्याईवर फालतू मजकूर चढवणं हे गुगलच्या नियमांत थेट स्पॅम धरलं जातं.

वेबॅक मशीनवर (साइटच्या जुन्या प्रती जपणारी साइट) प्रत्येक वर्षाचे दोन-तीन स्नॅपशॉट उघडून बघा. पहिली दहा वर्षं बागकामाची साइट, मग एकदम जुगार किंवा औषधांची जाहिरातबाजी, असं दिसलं तर सोडून द्या. स्पॅमहाउसच्या (स्पॅमशी जोडलेल्या नावांची नोंद ठेवणारी संस्था) यादीत नाव आहे का तेही तपासा. असेल तर तुमचे मेल अडकतील. गुगलच्या सर्च कन्सोलमधलं (साइटमालकांसाठीचं साधन) 'मॅन्युअल अ‍ॅक्शन्स'चं, म्हणजे गुगलने साइटवर केलेल्या कारवाईचं, पान विक्रेत्याला व्हिडिओ कॉलवर, पान रिफ्रेश करून दाखवायला सांगा. स्क्रीनशॉट कुणीही बनवतं. ट्रेडमार्कही बघा, नाहीतर पैसे देऊन घेतलेलं नाव यूडीआरपीत, म्हणजे ट्रेडमार्कवाल्यांच्या डोमेन-तक्रारीच्या प्रक्रियेत, जाईल.

कोरीपाटी: माझं खातं त्याच रजिस्ट्रारकडे असेल तर?

पारखी: मग पुश करून घ्या. ते खात्यातून खात्यात सरकवणं असतं, बहुधा काही मिनिटांत होतं. मूळ नोंदणीची तारीख दोन्हीकडे तीच राहते. फक्त ट्रान्सफरमध्ये मुदत एक वर्षाने वाढते, ती पुशमध्ये वाढत नाही. खातं नसेल तर उघडा, मी तरी हाच रस्ता सुचवीन. पुशमध्येही मालकाचे तपशील बदलतात, म्हणजे ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येईलच असं नाही. तेवढे दिवस तिथेच ठेवा.

झोनफाइल: पुश असो वा ट्रान्सफर, डीएनएसकडे (नावावरून साइट आणि मेल कुठे आहेत ते सांगणारी व्यवस्था) आधी बघा. साइट चालू असेल तर सगळे रेकॉर्ड नव्या नेमसर्व्हरवर (हे रेकॉर्ड ठेवणारा सर्व्हर) आधीच भरून ठेवा. जुन्या रजिस्ट्रारचे फुकट नेमसर्व्हर नाव गेल्यावर बंद पडू शकतात. डीएनएसएसईसी (डीएनएसची उत्तरं खरी आहेत हे सहीने पडताळायची सोय) चालू असेल तर आधी डीएस रेकॉर्ड (त्या सहीच्या चावीची रजिस्ट्रीकडची नोंद) काढा, निदान २४ तास थांबा, मगच नेमसर्व्हर बदला. जुना डीएस तसाच राहिला तर पडताळणी करणारे रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधून देणारे सर्व्हर) 'सर्व्हफेल' ही चूक देतात, साइट उघडतच नाही. गंमत म्हणजे बाकीच्यांना साइट नीट दिसते, त्यामुळे दोष शोधण्यात दिवस जातो.

सीआरटी डॉट एसएचवर (नावासाठी काढलेली वेबसाइट-सुरक्षेची सर्टिफिकेटं दाखवणारी साइट) नाव टाका. जुन्या मालकाने काढलेलं सर्टिफिकेट अजून वैध असू शकतं, आणि त्याची चावी त्याच्याकडेच असते. ताबा सिद्ध करून ते देणाऱ्या संस्थेकडून रद्द करून घेता येतं.

एस्क्रोला 'मिळालं' म्हणण्याआधी एवढं करा: नाव तुमच्या खात्यात दिसतंय, नेमसर्व्हर तुम्हाला बदलता येतायत, मालकाचा ईमेल तुमचा आहे. मग लगेच लॉक आणि टू-फॅक्टर चालू.