बिल गेट्सच्या तळ्याकाठच्या घरात 'हायटेक' नक्की काय आहे?

खटपट्या: मंडळी, अमेरिकेत सिएटलजवळच्या लेक वॉशिंग्टनच्या काठावर मेडिना गावात बिल गेट्सचं ते ६६,००० स्क्वेअर फुटांचं घर आहे ना, त्याचे ढिगाने व्हिडिओ बघितले पण सगळे नुसते २४ बाथरूम मोजत बसतात. हायटेक काय ते कोणीच धड सांगत नाही. मोबाईलवरून लाइट तर आमच्याकडे पण लागतात की! उन्हाळ्यात बहिणीकडे शेजारच्या बेलव्ह्यूला जातोय, बाहेरून तरी बघता येतं का?

सर्किट: तुमच्याकडे आत्ता लागतात हो, ते घर १९९७ च्या आसपास पूर्ण झालंय. गेट्सने १९९५ च्या पुस्तकात स्वतःच लिहिलंय, पाहुण्याने कपड्याला एक इलेक्ट्रॉनिक पिन लावायची, की कोण कुठे आहे ते घराला कळतं, मग अंधारात चालाल तसे पुढचे लाइट उजळत जातात मागचे मंद होतात, गाणं पण खोलीखोलीतून सोबत येतं आणि फोन आला तर फक्त तुमच्या जवळचाच वाजतो.

खटपट्या: भारीच. पण एकाला भीमसेन आणि दुसऱ्याला हेवी मेटल हवं असेल तर?

सर्किट: त्याचाही विचार केलेला. आधी बसलेल्याचं चालू ठेवायचं नाहीतर दोघांना चालेल असं लावायचं. आमच्याकडे हा निर्णय आई घेते.

ओळंबा: वायरिंग दहा वर्षांत जुनं होतं, मला तरी त्याचं कौतुक नाही. बोलिन आणि कटलर या आर्किटेक्टनी एवढं अवाढव्य घर उताराच्या पोटात घातलंय, बराच भाग जमिनीखाली, त्यामुळे आतलं तापमान फार वरखाली होत नाही आणि तळ्यावरून बघितलं तर झाडीत चारपाच लाकडी घरं असल्यासारखं वाटतं. डग्लस फर या सूचिपर्णी झाडाचे वासे पण जुन्या लाकूड गिरणीतून काढून आणलेले.

पानवाचक: गेट्सकडची कोडेक्स लेस्टर विसरलात, म्हणजे लिओनार्दो दा विंचीची हस्तलिखित वही! ७२ पानं, बहुतेक पाण्याबद्दलच, १९९४ च्या लिलावात ३.०८ कोटी डॉलरला घेतली. घराचा खर्च ६ कोटींच्या वर सांगतात, म्हणजे अर्धं घर त्या वहीत.

रेडमंडकर: @खटपट्या रस्त्यावरून झाडं नि गेट सोडून काही दिसत नाही. उगाच गाडी फिरवत राहू नका, मेडिनात शिरतानाच कॅमेऱ्यांची पाटी आहे, नंबरप्लेट वाचतात. तळ्यातल्या बोट टूरवाले त्या बाजूने नेतात तेच बरं. जॅकेट ठेवा, पाण्यावर भर उन्हाळ्यातही वारा झोंबतो, आणि गाईड किंमत सांगेल तेव्हा रुपयात गुणाकार करत बसू नका, तेवढ्यात घर मागे पडतं.