मदत हवी आहे: प्लेटलेट असताना एक्सटीटीचं (पेशी जिवंत आहेत का ते रंगाने दाखवणारी चाचणी) रीडिंग कसं घ्यायचं?

नमस्कार मंडळी. इंदूरला एमएस्सी मायक्रोबायोलॉजीचा प्रकल्प चालू आहे. प्लेटलेट बुरशीच्या तंतूंना चिकटतात आणि सक्रिय होतात. सोबत अँफोटेरिसिन बी (बुरशीवरचं औषध) असेल तर रायझोपसच्या (म्युकरवाली बुरशी) तंतूंना जास्त इजा होते का, ते बघायचंय.

अडलंय मोजमापात. एक्सटीटीत जिवंत तंतू रंग देतात, पण प्लेटलेटमध्येही मायटोकॉन्ड्रिया असतात, त्यामुळे नुसत्या प्लेटलेटच्या वेलमध्येही (चाचणीच्या ताटलीतल्या खळग्यातही) रंग येतो. तेवढं वजा करावं म्हटलं, तर औषधाने प्लेटलेटच मेल्या असतील तेव्हा वजाबाकी खोटी ठरते. अँफोटेरिसिन प्लेटलेटच्या आवरणातल्या कोलेस्टेरॉललाही थोडंफार धरतं, म्हणून ही शंका. डिस्टिल्ड वॉटरने धुऊन पाहिलं. मोकळ्या प्लेटलेट जातात, चिकटलेल्या जात नाहीत. नेमक्या त्याच नको आहेत!

प्लेटलेट रक्तपेढीच्या, मुदत संपलेल्या, सायट्रेटमधल्या (रक्त गोठू नये म्हणून घालतात ते). परवानगी घेतली आहे. ताज्या मिळणं कठीण. औषध लायपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म गोळ्यांत भरलेलं). फ्लो सायटोमीटर (पेशी एकेक तपासून मोजणारं यंत्र) नाही, फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप मागून मिळेल. उत्तर हिंदीत दिलंत तरी चालेल.

एक्सटीटी घालण्याआधी सोडियम डीऑक्सिकोलेट या डिटर्जंटने प्लेटलेट फोडल्या, तर रायझोपसचे तंतू शाबूत राहतात का? कोणी केलं असेल तर किती टक्के द्रावण आणि किती मिनिटं ठेवलंत?